शंभर दातांचं ब्लेड आणि एक सरळ शाफ्ट

तीर्थरूप मामांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांची दहाही बोटं शाबूत आहेत. तुमच्या प्रत्येक पत्रातला पहिला प्रश्न तोच असतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.) तुमचा खोकला गेल्याचं ताईने कळवलं. भुशापासून लांब राहिल्यामुळे गेला असं डॉक्टर म्हणतात, आणि करमेना म्हणून गेला असं तुम्ही म्हणता. कसा का असेना, गेला हे बरं झालं. गुडघा काय म्हणतो? मामींनाही नमस्कार. त्यांनी दिलेली उशी अजून कारखान्यातल्या स्टुलावरच आहे, फक्त तिच्यात आता कापसापेक्षा भुसा जास्त आहे.

तुमचं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. एकदा उभ्याने आणि एकदा मामींच्या उशीवर बसून. कारखाना कुणाला द्यायचा हे तुम्ही वर्षअखेरीस ठरवणार, त्याआधी मी एक शाफ्ट करून पाठवायचा. तुम्ही तो काचेवर लोळवणार. काच आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसला नाही तर कागद माझ्या नावावर, दिसला तर शेजारच्या गादीवाल्याच्या. शिवाय ब्लेड कुठलं आणलं, मशीन कुठलं घेतलं, हे सगळं ‘मला या धंद्यातलं काही कळत नाही असं समजून’ लिहायचं. ज्या माणसाने चाळीस वर्षं पूल खेळायच्या काठ्या, म्हणजे क्यू, बनवल्या, त्याला मी सांगायचं की शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता अर्धा भाग, लांबी एकोणतीस इंच, टोकाला जाडी करंगळीहून थोडी जास्त, आणि तो सुईसारखा सरळ नसेल तर चेंडू भलतीकडे जातो. पण तुमची आज्ञा आहे, तेव्हा लिहितो.

तुम्ही ताईकडे राहायला गेलात आणि पंधरा दिवसांत मी नवीन ब्लेड आणायला गेलो. तुमच्या मोठ्या करवतीवरच्या ब्लेडला चोवीस दात. मी ते कित्येक वर्षं पाहत होतो आणि मला नेहमी वाटायचं की मामा काटकसर करतात. दुकानात गेलो तर भिंतीवर चाळीसवाली, साठवाली, ऐंशीवाली ब्लेडं ताटांसारखी लावलेली. दुकानदार मोठा मितभाषी माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला, की काप गुळगुळीत हवा का खडबडीत? आता खडबडीत हवा असं कोण म्हणेल? त्याने शंभर दातांचं ब्लेड काढलं. मी हिशोब केला की जितके दात जास्त तितका चावा बारीक. माणसाच्या तोंडात बत्तीस असतात तर एवढं चावून होतं, इथे तर शंभर. (काय कापायचं, रेषेच्या दिशेने उभं चिरायचं की आडवं तोडायचं, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोघंही सभ्य माणसं.)

परत येऊन तुम्ही मागे ठेवलेल्या मेपलच्या फळीतून शाफ्टचे चौकोनी तुकडे उभे चिरायला घेतले. पहिल्या सहा इंचांत आवाज फार गोड आला. पुढच्या सहा इंचांत वास आला. शंभर दातांच्या मधल्या फटी इतक्या बारीक, की भुशाला बाहेर पडायला वाटच नाही. तो तिथेच अडकून तापला, ब्लेड तापलं, लाकूड काळं पडलं आणि खोलीत धूर झाला. मला वाटलं, बारीक कामाला थोडा धूर व्हायचाच. गादीवाल्याला तसं वाटलं नाही. तो बादली घेऊन धावत आला आणि वर्षानुवर्षं वाळवलेल्या तुमच्या फळीवर त्याने ती पूर्ण रिकामी केली. आग नव्हती, हे त्याला नंतर समजलं. मग तो शांतपणे कमरेची टेप काढून भिंत मोजायला लागला. कशाला मोजता, असं विचारलं तर म्हणाला, सहज.

(तुमचं चोवीस दातांचं ब्लेड परत लावलं. फळी लोण्यासारखी चिरली. त्या ब्लेडविषयी माझ्या मनात जे काही होतं त्याबद्दल मी त्याची मनोमन माफी मागितली आहे.)

भिजलेली फळी बाजूला ठेवली. दुसऱ्या, कोरड्या फळीतून सव्वीस चौकोनी तुकडे निघाले. इथवर ठीक होतं. आता त्यांना निमुळतं करायचं. तुमचं त्यासाठीचं मशीन तुम्हाला ठाऊकच आहे (हो, काही ठाऊक नाही असं समजायचं आहे). जुन्या शिलाई यंत्राची मोटर, लेथचा अर्धा सांगाडा, त्यावर बशीएवढं गोल ब्लेड. लाकूड हळू फिरतं, ब्लेड जोरात फिरतं आणि लाकडावरून या टोकाकडून त्या टोकाकडे मुंगीच्या चालीने सरकत जातं. तुमची पद्धत अशी की एका वेळी सुताइतकंच काढायचं, मग तो तुकडा आढ्याच्या आकड्याला महिनाभर टांगायचा, मग पुन्हा सूतभर. असे सात काप. मी विचारायचो, मामा, एकदम का नाही? तुम्ही म्हणायचात, ‘लाकूड कापलं की त्याच्या पोटातले ताण सुटतात, त्याला जरा अंग मोकळं करू दे.’ मला ते ऐकून नेहमी वाटायचं, की सात महिने टांगून ठेवल्यावर लाकूडच काय, एखादा पाहुणाही सरळ होईल.

तर मी नवीन मशीन आणलं. टपालाने, पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय आलेल्या त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की संपूर्ण शाफ्ट चार मिनिटांत. मामा, सात महिने आणि चार मिनिटं! तुमचं मशीन मी भंगारात द्यायला काढलं होतं, पण तुमच्या सूनबाईने अडवलं. ती म्हणाली, असू दे कोपऱ्यात, मी अधूनमधून तेल घालत जाईन. तुम्हाला माहीतच आहे, ती हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. तिला मोडक्या आणि आखडलेल्या गोष्टींचा लळा आहे. (माझ्याशी लग्न केलं त्यातही हेच कारण असावं, असं ताई म्हणते.) नव्या मशीनमध्ये लावायला चौकोनी तुकडे उचलले तर सव्वीसचे चोवीसच भरले. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून सोडून दिलं.

त्या दिवशी सकाळी बसलो आणि दुपारी जेवायला उठलो तेव्हा चोवीस शाफ्ट तयार. सगळे सरळ. मी एकेक डोळ्याला लावून पाहिला. हिला बोलावून दाखवले. ती म्हणाली, ‘छान आहेत, पण प्लास्टर त्याच दिवशी काढलं तर हाडही सरळच दिसतं.’ दवाखान्यातली माणसं कुठेही दवाखानाच पाहतात, असं मी मनात म्हटलं आणि क्लबच्या ओळंब्याला निरोप धाडला.

ओळंबा हे क्लबच्या पंचाचं टोपणनाव. तुमच्यानंतर आला, म्हणून सांगतो. माणूस इतका ताठ की त्याच्या शेजारी उभं राहिलं की भिंत कलल्यासारखी वाटते. तो आठवड्याने आला. आठवड्यात काय होणार? पण चोवीसच्या चोवीस शाफ्टनी अंग मोकळं केलं होतं. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, एकाने तर मधेच विचार बदलून दोन्हीकडे. ओळंब्याने एकेक टेबलावर लोळवला. सरळ शाफ्ट गुपचूप घरंगळतो, हे तुम्हीच शिकवलंत. हे शाफ्ट लाकडी पायाने कुणी जिना उतरावा तसे ठक् ठक् करत गेले. चोविसावा थांबल्यावर तो फार आदबीने म्हणाला, ‘कोपऱ्यामागचा चेंडू मारायला उत्तम आहेत.’ आणि गेला. चोवीसपैकी नऊ आता घरात पडद्यांच्या दांड्या आहेत, दोन हिने कुंडीतल्या वेलाला दिले, आणि वेल त्यांच्यापेक्षा सरळ चढतो आहे. गादीवाला त्या दिवशीही आला होता. या खेपेला त्याने खिडकी मोजली.

तुम्ही म्हणाल, मग आता सांग, कुठलं मशीन चांगलं? मामा, नवीन मशीन वाईट नाही. ते सांगितलं तेवढंच करतं आणि मी त्याला चार मिनिटांत सगळं उरक असं सांगितलं. ब्लेडही वाईट नाही. प्लायवूड आडवं तोडायला त्याच्यासारखं ब्लेड नाही, फक्त आपण प्लायवूडचे क्यू करत नाही. या सगळ्या अनुभवातून तावून सुलाखून निघाल्यावर सोबतचा शाफ्ट तयार झाला आहे. काचेवर लोळवा, खिडकीपाशी धरा, पाहिजे तर ताईकडून बघून घ्या. उजेड दिसणार नाही. तो कसा झाला हे विस्ताराने लिहिलं असतं, पण कागद संपत आला आहे.

ताईला नमस्कार, मामींना पुन्हा नमस्कार. कळावे, लोभ तर आहेच, भरवसाही असू द्यावा.

तुमचा भाचा

ता. क. कागद संपला नव्हता. पाठीमागची बाजू कोरी होती, ती हिने दाखवली.

ता. क. दुसरा. तो शाफ्ट माझा नाही. जे दोन तुकडे मोजण्यात कमी आले होते ते हिने उचलले होते. दवाखान्यातून आल्यावर ती कोपऱ्यात तेल घालते असं मी समजत होतो. ती महिन्यातून एकदा तुमच्या मशीनवर सूतभर कापायची आणि तुकडे माझ्याच डोक्यावर आढ्याला टांगून ठेवायची. मी सात महिने माहितीपुस्तकं वाचत खाली बसलो होतो, वर पाहिलं नाही. तेव्हा विनंती अशी, की कागद हिच्या नावावर करा. मला स्टूल आणि उशी पुरे. गादीवाल्याला मात्र हे इतक्यात कळवू नका, त्याने अजून छत मोजलेलं नाही.

ता. क. तिसरा (अक्षर सूनबाईचं). मामा, नमस्कार. यांनी पुन्हा अर्धंच लिहिलं आहे. सहा काप माझे. सातव्याला मी ब्लेड जरा जास्त आत घेतलं आणि एक तुकडा वाया गेला. उरलेल्या एकाला हात लावायची माझी छाती होईना, म्हणून यांना बसवलं. मी बटणावर बोट ठेवून उभी होते. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत अकरा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ हे एक शब्द बोलले नाहीत, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा कागद दोघांच्या नावावर करा, बटण माझ्याकडे राहील. शाफ्ट काचेवर ठेवायच्या आधी चार दिवस तुमच्या खोलीत टांगा, प्रवासाने शिणला असेल. आणि ती मशीनची माहितीपुस्तकं यांना कोण पाठवतं हे मला पाकिटावरच्या अक्षरावरून कळलं आहे. यापुढे माझ्या नावाने पाठवा.