वहिनीच्या हाकेला ओ देणारी

नाशिक, मंगळवार

चि. सिंधूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. द्वारका चौकात एसटीतून उतरताना मागून तुझ्या वहिनीची हाक आली. वळून पाहिलं, कोणी नव्हतं.

आम्ही गावच्या मंडळींनी जिल्हा कचेरीतल्या साहेबांना निवेदन दिलं: तालुक्याला म्हाताऱ्यांसाठी दिवसभराचं केंद्र हवं, सांभाळणाऱ्यांना हक्काची विश्रांती हवी. साहेबांनी विचारलं, "मास्तर, घरी पत्नीला कोण बघतं?"

सवयीने बोलून गेलो, "तिची आई."

"वय काय त्यांचं?"

"वारून तीस वर्षं झाली."

कोणीतरी फिदकन हसलं. मग सांगितलं, की बायकोला आता काही आठवत नाही. ती दिवसभर आईला हाका मारते आणि माझी अडुसष्ट वर्षांची बहीण प्रत्येक हाकेला ओ देते.

"तिच्यासाठी फॉर्मात रकाना नाही," साहेब म्हणाले.

"मग समासात लिहा."

लिहिलं. केंद्राचं 'बघू' म्हणाले. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय.

तुझी कंबर कशी आहे? दुपारी जरा पडतेस ना? शाळेत कविता म्हणताना तुझा आवाज किती किणकिणायचा! परवा तू ओ दिलीस, तेव्हा तो थेट सासूबाईंचा वाटला. मी दचकलोच.

शनिवारी येतो. दारातूनच 'सिंधू' म्हणून हाक मारीन. त्या हाकेलाही ओ दे.

तुझाच,
दादा