संतोषच्या नावाचा रिपोर्ट

सातपूर, नाशिक

प्रिय तेजस्विनी,

परवा फोनवर तू हसतहसत विचारलंस, काका, हायपरलिपिडेमिया म्हणजे काय हो? नव्या नोकरीच्या तपासणीत डॉक्टरांनी तुझ्या कागदावर लिहिलंय म्हणून. मी म्हणालो, रक्तात चरबी वाढलीय, दुसरं काही नाही. मग तू सांगितलंस, की तू त्यांना पप्पांचा कंपनीतला जुना रिपोर्ट दाखवलास. त्यात सगळं नॉर्मल. तेव्हा ते म्हणाले, घरात कुणाला नाही ना, मग तेलकट कमी कर, सहा महिन्यांनी ये. मी बरं म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून घास गोड लागत नाही. सहा महिने थांबू नकोस, एवढं आधीच सांगतो. का, ते लिहायला मात्र धीर गोळा करावा लागतोय.

हा शब्द मी पहिल्यांदा अकरा वर्षांपूर्वी पाहिला, तुझ्या पप्पांच्याच कागदावर. कंपनीच्या वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल तीनशे चाळीस निघालं होतं. टपरीवर चहा पिताना आम्ही तो कागद उलटसुलट करून बघितला. संतोष म्हणाला, "आयला, पोट तर सुटलं नाय माझं, चरबी आली कुठून?" आमची समजूतच तशी, की हे दुखणं जाड्या माणसांचं. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत पिवळट ठिपके आले होते. दुसऱ्यांदा हळद लागली का रे, म्हणून मी त्याला चिडवायचो. ती त्याच दुखण्याची खूण होती, हे मला फार उशिरा कळलं.

डॉक्टरांनी मात्र त्याला नीट बसवून समजावलं होतं. हे नुसतं तेलातुपाचं नाही, रक्ताच्या नात्यातून आलेलं दिसतंय; बारीक माणसालाही होतं, दुखत नाही, म्हणून कळत नाही. वडील कशाने गेले, तेही विचारलं. तुझे आजोबा सावळीरामबाबा बेचाळिसाव्या वर्षी ब्रह्मगिरी चढताना बसले ते उठलेच नाहीत. कुसाआजी अजून त्याला पुण्यवंताचं मरण म्हणते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मुलांचंही रक्त तपासा म्हणाले. शेवटी म्हणाले, पुढच्या वर्षी असंच आलं तर क्रेनवर ठेवता येणार नाही. संतोषने तेवढंच ऐकलं.

क्रेन म्हणजे त्याचा जीव. वरच्या केबिनमध्ये बसून दोन टनांचा साचा तो असा अलगद टेकवायचा, की खालचे लोक हातातलं काम थांबवून बघत. खाली उतरून पॅकिंगला बसणं त्याला मरणापेक्षा वाईट वाटलं. गोळ्या महिनाभर घेतल्या, मग सोडल्या. तो कागद फाडून टाकला. वहिनीला काही सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली.

पुढच्या वर्षीचा रिपोर्ट एकदम स्वच्छ आला. क्रेन राहिली. त्याने खात्यात पेढे वाटले. आठ महिन्यांनी शिडी उतरताना तो शेवटच्या पायरीवर बसला आणि संपला. एक्केचाळीस वर्षांचा होता. अमरधामात जो तो म्हणत होता, रिपोर्ट तर चांगला होता, कुणाची नजर लागली. उज्वलावहिनीने तो रिपोर्ट जपून ठेवला आणि मी गप्प बसलो. नऊ वर्षं तुमच्या घरी जेवलो, दर दिवाळीला तुझ्या हातची चकली खाल्ली, आणि गप्प बसलो.

तेजू, त्या रिपोर्टातलं रक्त माझं आहे. तपासणीच्या दिवशी रक्त द्यायला कॅन्टीनमध्ये रांग लागायची, नाव पुकारलं की हात पुढे करायचा. ओळखपत्र कुणी बघत नसे. आम्ही एकमेकांच्या पाळ्या भरून काढायचो. तेवढ्याच सहज, संतोषचं नाव पुकारल्यावर मी हात पुढे केला. मित्राची नोकरी वाचवली म्हणून त्या दिवशी मला अभिमानही वाटला होता, त्याची आज लाज वाटते. तो कागद घेऊन तू पुन्हा डॉक्टरांसमोर बसू नयेस म्हणून हे लिहितोय. उद्याच जा. आजोबा आणि वडील किती वर्षांचे असताना गेले, ते सांग. गोळ्या दिल्या तर दुखत नाही म्हणून सोडू नकोस. तुझ्या भावाचं, राजचंही रक्त तपासायचंय. वहिनीला मी रविवारी समोर बसून सांगणार आहे. ती मला दारातून परत पाठवेल, तर तेही बरोबरच. तू मात्र आधी तपासून घे, राग नंतर कर.

अजूनही म्हणावंसं वाटलं तर,
तुझाच
दिनेशकाका