नुसतं मलको

दार ओढून घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, अण्णा? थांबा, आधी माझं ऐकून घ्या. दरवेळी तुम्ही "बरं बाई, माझं चुकलं" म्हणून मोकळे व्हायचात आणि भांडण माझ्याच हातात राहायचं. दुपारी पोरांना झोपवायला आतल्या खोलीत जायचं, दार ओढून घ्यायचं, आणि तुम्ही आपणहून बाहेर येईपर्यंत कुणी ते ढकलायचं नाही, हा नियम तुमचा. आईचा नाही, माझा तर नाहीच. आईचा मिक्सर, कुकरची शिट्टी, कुरिअरवाल्याची बेल, सगळ्यांवर तुम्ही खापर फोडायचात. खरं कारण मला माहितीये. आत तुम्ही गुणगुणायचात, आणि ते कुणी ऐकलेलं तुम्हाला चालायचं नाही.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतला तुमचा पत्रा दाबायचा कारखाना बंद पडला तेव्हा मी शाळेत होते. कामावर जाणाऱ्या बायकांची पोरं आई त्याच्या आधीपासूनच घरी सांभाळायची. तुम्ही काही दिवस बाल्कनीत सुम्ने बसून राहिलात, रस्त्याकडे बघत, काही न करता. मग एका दुपारी आईच्या अंगात ताप होता आणि एक पोरगं रडायचं थांबेना, म्हणून तुम्ही आत गेलात. गेलात ते गेलातच. खालचा इस्त्रीवाला चिडवायचा, "काय अण्णा, तुमचा प्रेस सुटला, आता पाळणा?" तुम्ही म्हणायचात, "काम तेच रे. पत्रा रडत नव्हता, एवढाच फरक." पण ते खरंच तेच काम होतं. तुमचा हात पोरांच्या पाठीवर त्या प्रेस मशीनसारखाच पडायचा, एक जड, दोन हलके. धप्, थप थप. इतकी वर्षं पत्रा दाबलेला हात, आणि त्याच्याखाली दीड वर्षाची पाठ. तुम्ही पाठमोरे असलात की मी फटीतून बघायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आणि तो शब्द. मलको. कन्नडमध्ये आडवा हो, लवंड. आपल्या घरात त्याचं मराठी क्रियापद झालेलं, मलकणं. मी मलकते, तो मलकला, पोरं मलकली. मला कितीतरी वर्षं तो मराठीच वाटत होता. पुण्याला कॉलेजात गेले आणि होस्टेलवर म्हणाले, "मी जरा मलकते गं," तर पोरी पोट धरून हसल्या. एकीने विचारलं, म्हणजे नक्की काय करतेस? मी रागारागात तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, "मग तिथे काय म्हणतात?" मी म्हटलं, झोपणं म्हणतात अण्णा, सगळ्या जगात झोपणंच म्हणतात. तुम्ही म्हणालात, "तसं नाही गं. झोप म्हणून सांगितलं की पोरगं घाबरतं. झोप काय त्याच्या हातात असते? आडवं होणं हातात असतं. मी त्यांना झोप म्हणतच नाही. नुसतं मलको म्हणतो. बाकीचं होतं ते होतं." मी हो हो म्हणून फोन ठेवला. मला परीक्षेचं टेन्शन होतं.

त्या दिवशी मी सुट्टीला घरी आलेले. तुम्ही पोरांना घेऊन आत गेलात, दार ओढलंत. एरवी तुम्ही चपला हातात घेऊन, चोरासारखे पावलं टाकत बाहेर यायचात आणि आईकडे बघून हळूच म्हणायचात, "सरी." म्हणजे झालं, सगळे मलकले, आता चहा. त्या दिवशी तुमचं सरी आलंच नाही. दार आतून उघडलं ते एका पोरीनं. विस्कटलेल्या झिपऱ्या, गालावर चटईची नक्षी. तिनं ओठांवर बोट ठेवलं, "श्श. अण्णा मलको." आई केवढी हसली, अण्णा. म्हणाली, आज पोरांनीच यांना झोपवलं, पाप, बिचारे दमलेत, राहू दे. तिनं तुमचा चहा बशीनं झाकून ठेवला. आम्ही दोघी कुजबुजत बोललो. पोरं उठून एकेक करत बाहेर आली, तीसुद्धा पाय न वाजवता. सगळं घर तुम्ही उठू नये म्हणून जपत होतं.

दिवे लागले तरी तुम्ही उठला नाहीत, तेव्हा शेजारून डॉक्टर आले. त्यांनी मान हलवली. आई त्यांना समजावून सांगत होती, अगदी शांतपणे, एखाद्याचं ऐकण्यात चुकलं असावं तशी, "नाही हो, झोपले नाहीयेत ते. नुसते मलकलेत."

दिवसकार्य झाल्यावर आईनं सुताराला बोलावून दार काढून टाकलं. बिजागऱ्यांसकट. आता तिथे पडदा आहे. तुमचा शब्दही तिनं त्या दारासोबत काढून टाकला. पोरांना आता "झोपा" म्हणते. आणि पोरं जरा झोपली की एकेकाच्या नाकाखाली बोट धरून बघते. रोज. सगळ्यांच्या. त्यानं पोरं जागी होतात, किरकिरतात, ती पुन्हा म्हणते, झोपा. ती झिपऱ्यांवाली आता कॉलेजला जाते. परवा कोपऱ्यावर दिसली, मला ओळखलं नाही. मी पण हाक मारली नाही. काय सांगणार होते तिला?

मी हल्ली घरीच असते, लिहिते. आई त्याला "तुझं ते तुटकं तुटकं" म्हणते. हेही तुटकंच होणार, कारण डाव्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवर लिहितेय. उजवा हात एकाकडे आहे. नवीन आलाय, अजून दोनचाही नाही. त्याची आई शिवणाच्या कारखान्यात जाते. आल्यापासून हा दुपारचा डोळा मिटत नाही, मग रात्रभर रडतो. सकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, कामावर मला उभ्या उभ्या झोप येते. काल सुई बोटात गेली. आजही नाही झोपला तर काम सोडते, गावी घेऊन जाते याला." अक्का म्हणजे आई. जेवणं झाल्यावर मला म्हणाली, "आज तू बघ स्वल्प. माझ्याच्यानं नाही होत." इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा म्हणाली.

बाकीची पटकन आडवी झाली. हा बसून. मी म्हटलं, झोप. त्यानं ओठ काढले. झोप ना राजा. भोकाड. उचलून घेतलं, फिरवलं, पंखा दाखवला, कावळा दाखवला. अंग नुसतं लाकडासारखं ताठ. त्या खोलीत मी तुमच्यानंतर कधी बसले नव्हते. आणि तोंडातून निघून गेलं, "बरं नको झोपू रे. नुसतं मलको."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. आणि चटईवर पडला, डोळे टक्क उघडे, जसं काही एवढंच सांगायचं होतं तर आधी का नाही सांगितलंत. माझा हात त्याच्या पाठीवर गेला. एक जड, दोन हलके. मी शिकले नव्हते अण्णा, हात आपोआप पडत होता. पलीकडे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला. आता पडद्याखाली आईचे पाय दिसतायत. कधीची उभी आहे. आत येत नाहीये.

डोळे मिटलेत त्याचे. खरंच मिटलेत. माझं बोट धरलं होतं, तेही सुटलं.

दारावरून भांडायला आले होते. पण भांडायचं ते नव्हतंच बहुतेक. एवढ्या सगळ्यांना मलको म्हणून तुम्हीच का झोपलात, हे होतं. हे पाठवायला पत्ता नाही आणि तुम्ही मोबाइलही वापरायचा नाहीत. राहू दे इथेच.

अजून एक. उठायच्या आधी मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं. एकदाच. कोमट आहे.

आता बाहेर जाऊन आईला सरी म्हणायचंय. चपला हातात घेतल्यात. तुम्ही काही बोलू नका, उठेल तो. निघाले.