हरण्याच्या बरगड्या

नावडे, ५ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास, बाळीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा खोकला थांबला का? वहिनीचा गुडघा? लंगडी शेळी चरायला जाते का? फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही बरे आहोत. दसऱ्याला तू दिलेल्या हरण्याचं मात्र टेन्शन झालंय. कारवानी जातीचा शिकारी कुत्रा सोसायटीत कुणी बघितलेला नाही. त्याच्या बरगड्या बघून शेजारचे विलासराव आमच्या सुनेला म्हणाले, अहो मनाली, मुक्या जनावराला पोटभर घालत जा. वर बिस्किटांचे पुडे आणून दिले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी त्याला तूप-भाकरी चारली. आता बरगड्या गेल्या, पण दिवसभर सोफ्यावर पडून असतो. मनाली म्हणते, तो इथे झुरतोय, मामांना न्यायला बोलवा. पण पहाटे मी चप्पल घातली की तो उठतो. हे गेल्यापासून मी घराबाहेर पडते ती त्याच्यामुळेच.

तुझी,
बाळी

दहिवडी, १२ जानेवारी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

खोकला आहे, वहिनी रागावते, शेळी मजेत.

तुझी चारायची खोड गेली नाही. लहानपणी माझ्याही ताटात तुझी भाकरी सरकवायचीस. कारवानीच्या बरगड्या दिसायलाच हव्यात, नाहीतर पळणार कसा? तूप बंद कर. दिवसा लोळणं त्याच्या जातीतच आहे, झुरणं नव्हे. तरी मनालीला जड होत असेल तर संक्रांत झाली की येतो. खरं सांगू, अंगण सुनं झालंय. त्याला नवा रुंद पट्टाही शिवून घेतलाय.

तुझा दादा

नावडे, १६ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास, नमस्कार वि. वि.

तूप बंद आहे. बरगड्या परत दिसतात. काल कुंपणाच्या मैदानात हरण्याला सोडलं, तर असा पळाला की विलासरावांच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. मनाली म्हणाली, आई, आता कुणी बोलून दाखवू दे.

संक्रांतीनंतर तू त्याला न्यायला आलास, त्या दिवशी तो तुझ्या मांडीवर डोकं ठेवून निजला, ते बघवेना म्हणून मी कोथिंबीर आणायला खाली गेले. परत आले तर तो दाराशी उभा. मनाली सांगते, तू हाका मारल्यास तरी हलला नाही. तू चहा घेतलास नि एकटाच एसटीला गेलास.

पट्टा तिथेच विसरलो, असं वहिनीला सांगितलंस म्हणे. दादा, विसरलेला पट्टा कुणी मापाचं भोक पाडून कुत्र्याच्या गळ्यात बांधून जातं का?

उन्हाळ्यात वहिनीला घेऊन ये. माया आहे तशी राहू दे, आणि उत्तर लवकर धाड.

तुझी,
बाळी