नवरा जिवंत असलेल्या बाईचा छापखाना

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी हॉस्पिटल. ह्यांनी अर्धी इडली खाल्ली. प्रत्येक घासाला "नको". घास पुढे केला की नको म्हणायचं आणि तोंड उघडायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्ट्रोक आला तेव्हापासून हा एवढा एकच शब्द उरलाय. पाणी, नको. चादर, नको. निनादचा फोन कानाला लावून दिला, तर पलीकडून "हाय बाबा, हाऊ आर यू", आणि इकडून नको. पोराने फोन ठेवला.
स्पीच थेरपीची अंजू म्हणते, आंटी, तो शब्द ते मनातून म्हणत नाहीत, रेकॉर्ड अडकलीय असं समजा. समजते मी. पण अडकायचंच होतं तर दुसऱ्या कुठल्या शब्दावर अडकायला काय झालं होतं?
तिथून प्रेसवर. कासिमभाई मशीन पुसत बसलेले. दापोलीचे, इथे आखातात प्रेस काढली त्या पहिल्या दिवसापासून मशीनवर तेच. "भाभी, लायसनचा काय झाला?" काय सांगू. महिनाअखेर प्रेसचं लायसन संपतंय. सगळं ह्यांच्या नावावर. ह्यांची सही नाही तर रिन्यूअल नाही. ह्यांनी मला मुखत्यारपत्र दिलं तर माझी सही चालेल, नाहीतर शटर खाली. कासिमभाईंसकट सगळ्यांचे व्हिसे त्या लायसनवर.
आणि हे पेनही धरू शकत नाहीत.

४ नोव्हेंबर
मार्गारेट बाई आल्या प्रुफं न्यायला. इथल्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आता डिसेंबरात कायमच्या इंग्लंडला परत. त्याआधी पुस्तक हातात हवंय त्यांना. जुन्या लंडनमधल्या छापखान्यांत, पुस्तकांच्या दुकानांत बायका काय काय करायच्या त्यावर. टाइप लावायच्या, कागदाच्या घड्या घालायच्या, शिवायच्या, रस्त्यावर उभ्या राहून पत्रकं विकायच्या. लिहिणाऱ्या बायका तर प्रस्तावनेत आधी माफी मागायच्या, मी नको नको म्हणत होते, मित्रांनी परस्पर छापलं म्हणून. (आमच्या सांगलीच्या बायकाही हळदीकुंकवात गाणं म्हणायच्या आधी असंच घसा बसलाय म्हणायच्या.)
आज विधवांचं प्रकरण लावलं. छापखानेवाला मेला की छापखाना बायकोचा, अगदी रीतसर. शिकाऊ पोरं ठेवायची, पुस्तकं काढायची, पहिल्या पानावर अमक्याची विधवा म्हणून छापायचं. धंद्याबाहेरच्याशी लग्न केलं तर मात्र गेलं सगळं. वाचता वाचता मी म्हटलं, बरं होतं की बायांचं!
आणि जीभ चावली. शिव शिव. काय बोलून गेले मी. तिथल्या तिथे कानाला हात लावला. हॉस्पिटलात गेल्यावर ह्यांच्या कपाळाला अंगारा लावला. नको, म्हणाले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
टायपिंग सेंटरला गेले, सरकारी कागद टाइप करून देतात तिथे. उद्यापासून रविवारपर्यंत इथली आठवड्याची सुट्टी, सगळं बंद, म्हणून आजच गाठलं. काउंटरवरचा मुलगा सज्जन आहे, मुखत्यारपत्राचा मसुदा अरबीत करून देतो म्हणाला. नोटरी हॉस्पिटलमध्ये येतात, तशी सोय आहे. मात्र पेशंटला त्यांच्यासमोर स्वतः संमती द्यावी लागते. "साइन नहीं तो मुँह से हाँ बोलना पड़ेगा मैडम. बस, इतना ही."
मी विचारलं, और ना बोला तो?
हसला. "अपनी बीवी को कौन ना बोलेगा मैडम?"
मीही हसले. काय करणार.

८ नोव्हेंबर
अंजूला सगळं सांगितलं. म्हटलं, बाई गं, बाकी काही शिकवू नकोस, फक्त एक "हो" आण त्यांच्या तोंडून. ती टाळ्यांवर शिकवते. हो, हो, टाळी. मीही बरोबर. हे आमच्याकडे बघतात आणि टाळी वाजवल्यासारखं करतात एका हाताने मांडीवर. नको, नको.
गंमत म्हणजे एक ते दहा म्हणतात. मी एक म्हटलं की दोन तीन चार करत दहापर्यंत धडाधड. मला वाटलं आली वाचा. अंजू म्हणाली, ते आपोआप येतं, त्यात अर्थ नसतो. नर्सला म्हटलं नोटरीसमोर दहापर्यंत आकडे म्हटले तर चालेल का. तिला काही कळलं नाही. बरंच झालं.
नको, चार, सात. एवढा संसार उरला.

९ नोव्हेंबर, रविवार
घर. आमच्या अल नहदाचा ट्रॅफिक सुट्टीच्या दिवशीसुद्धा हलत नाही, गॅलरीतून बघत बसले.
निनाद शाळेत होता तेव्हाची गोष्ट. लायसन रिन्यूच करत होतो. मी म्हटलं, अहो, माझं पण नाव घाला की पार्टनर म्हणून. सांगलीला बाबांच्या प्रेसमध्ये मी परकर नेसायच्या वयापासून टाइपाचे खिळे जुळवलेत. इथेही पानं मी लावते, प्रुफं मी वाचते, गिऱ्हाइकाशी फोनवर गोड बोलता तेवढे तुम्ही.
"नको गं. तुझं नाव कशाला मध्ये? उद्या काही लफडं झालं तर तुला स्टेशनला नेतील."
काळजीनेच म्हणाले असतील. परत एकदा विचारलं तेव्हा नुसतंच "नको म्हटलं ना". तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.
म्हणजे हा शब्द काही नवा नाही. अंजूला हे कसं सांगू? अडकलेली रेकॉर्ड आहे की माणूस खरंच बोलतोय, मला कसं कळणार? एवढी वर्षं एका घरात काढली आणि मलाच कळत नाही. संताप येतो. कोणावर काढू? आजारी माणसावर?

१० नोव्हेंबर
मार्गारेट बाईंना विचारलंच. म्हटलं, विधवांचं सगळं लिहिलंत तुम्ही. नवरा जिवंत होता त्या बायकांचं काय?
चष्मा काढला त्यांनी. म्हणाल्या, शैला, त्या दिसतच नाहीत. नवरा आहे तोवर पानावर त्याचं नाव. बायको मागच्या खोलीत काम करत असणार हे नक्की. पण कागदावर ती येते तो गेल्यावर.
आणि तो अंथरुणाला खिळून असेल तर?
तरी त्याचंच नाव, म्हणाल्या. एखादा वर्षानुवर्षं पडून असेल, सगळं तीच करत असेल. आपल्याला कळायला मार्ग नाही.
मग एकदम माझा हात धरला. त्यांना ह्यांच्याबद्दल ठाऊक आहेच. म्हणाल्या, या पुस्तकात छापणाऱ्याच्या जागी तुझं नाव घालूया! मी म्हटलं, बाई, तिथे लायसनवालं नावच घालावं लागतं, कायदा आहे. "ओह," म्हणाल्या. चांगल्या बाई आहेत. ओह म्हणण्यापलीकडे त्या तरी काय करणार.
घरी येऊन कुकर लावला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. तीन शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायचं भान नाही. भाताचा पार लगदा.

१२ नोव्हेंबर
कासिमभाई, हळूच: "भाभी, अंगठा घेव ना. शाई काय, आपलीच हाय."
त्यांना वाटतं कागदावर अंगठा उठला की झालं. नोटरी नको, काही नको. मी ओरडले त्यांच्यावर. बिचारा माणूस. त्याची लेक नर्सिंगला आहे रत्नागिरीत, व्हिसा गेला तर तिचं शिक्षण अर्धवट. मी सॉरी म्हटलं. "खलास भाभी, मी बोललोच नाय," म्हणाले.

१३ नोव्हेंबर
आज हे झोपले होते. ह्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. अंगठा सरळ केला. शाई नाही, कागद नाही, नुसतंच. बघायला, जमलं असतं का मला.
डोळे उघडले. "नको."
हात सोडला. सहज धरला होता हो, म्हटलं. खोटं कशाला बोलले? ह्यांना कळलं असेल का? मला तर काहीच कळेनासं झालंय.

१६ नोव्हेंबर, रविवार
निनाद आला खलिफा सिटीहून. बाबांची दाढी केली, नीट केली, बोलत बोलत. मग मला कँटीनमध्ये नेलं.
"मम्मा, बी प्रॅक्टिकल. लेट इट एक्स्पायर. मी तुला माझ्या व्हिसावर घेतो, बाबांनाही. यू कॅन रिलॅक्स."
त्याचं चुकतं असं नाही. आई म्हणून मी सुखात राहावं एवढंच त्याला वाटतं. पण आधी वडिलांच्या प्रेसमध्ये, मग ह्यांच्या, आणि आता लेकाच्या व्हिसावर. म्हटलं, आणि कासिमभाई? "दे विल फाइंड समथिंग." मशीन? "सेल इट." मी? "यू आर माय मदर!" असं म्हणाला जसं काही ती नोकरीच आहे.
चहा गार झाला. मी विचार करते म्हटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१७ नोव्हेंबर
मार्गारेट बाईंच्या आभाराचं पान लावलं. शेवटचं राहिलं होतं. ग्रंथालयवाले, भाची, शेजारीण, सगळ्यांचे आभार. आणि शेवटी प्रेसच्या मालकांचे, श्री. म्हणून ह्यांचं पूर्ण नाव, त्यांच्या संयमाबद्दल आणि नेटक्या कामाबद्दल.
आधीच लिहून ठेवलं असेल बाईंनी, उन्हाळ्यात, कोटेशन ह्यांनीच दिलं होतं तेव्हा. बायका दिसत नाहीत म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं आणि... जाऊ दे.
दोनदा वाचलं. पेन्सिल हातातच होती. चूक असती तर सुधारली असती. स्पेलिंग बरोबर, नाव बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी. चूक नव्हतीच, काय सुधारणार?
पान पास केलं. बाईंना काही बोलले नाही. मेल्याहून मेल्यासारखं होईल त्यांना.

१८ नोव्हेंबर
नोटरीची वेळ मिळाली. परवा, गुरुवारी. डॉक्टरांचा रिपोर्ट हवा होता तो घेतला. त्यात लिहिलंय, समज काही प्रमाणात शाबूत, हो-नाहीची उत्तरं भरवशाची नाहीत. डॉक्टरांना म्हटलं, हे शेवटचं वाक्य काढा ना साहेब. ते म्हणाले, काढलं तर ते खोटं होईल. बरोबरच आहे.
पण मग त्याच रिपोर्टाने माझी बाजूही लावून धरा की! नको म्हणाले तर तेही भरवशाचं नाही, हे कोण सांगणार? त्यावर म्हणाले, मॅडम, तुमचं म्हणणं खरं आहे, पण नाहीचं हो होत नाही.
कोर्टाचा रस्ता आहे म्हणे, पालक नेमायचा. त्याला महिनोन्महिने. तोवर प्रेस राहील का?

१९ नोव्हेंबर
दिवसभर ह्यांच्यापाशी. साधं सरळ बोलले आज. अहो, उद्या एक बाई येतील. त्या विचारतील. तुम्हाला खरंच द्यायचं नसेल तर नका देऊ, मी समजेन. (समजणार नाही. तरी म्हटलं.) पण द्यायचं असेल तर हो म्हणा. नुसती मान हलवा. प्रेस चालू राहावी एवढंच. तुम्ही बरे झालात की परत तुमचीच.
एकटक बघत होते. डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणतात ते पाणीही आजाराचंच असतं, आपोआप येतं. ह्यांचं ह्यांच्याकडे काही राहिलंय का नाही?
"नको," म्हणाले. मी त्यांचं तोंड पुसलं.
कासिमभाईंचा फोन: मार्गारेट बाईंच्या पुस्तकाच्या प्लेटी तयार आहेत, मशीनवर चढवू का? म्हटलं, चढवा. निदान ते तरी निघू दे वेळेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार
नोटरी बाई आल्या. निनादच्या वयाची मुलगी, काळा अबाया, हातात टॅब. बरोबर हिंदी दुभाष्या. मला "खाला" म्हणाली, ह्यांना वाकून सलाम केला. हिच्या एका सहीवर माझं सगळं होणार, आणि मला माझ्या प्रेसच्या कागदावर सही करता येत नाही. हेवा वाटला खरं तर.
मला जरा लांब उभं केलं. नियम आहे.
तिने अरबीत विचारलं, दुभाष्याने हिंदीत. आपली पत्नी शैला, हिला आपल्या वतीने सही करायचा अधिकार देता?
मी डोळे मिटले. आता येणार. तो शब्द मी हजार वेळा ऐकलाय, कसा येतो ते पाठ आहे, आधी खालचा ओठ हलतो.
आला नाही.
डोळे उघडले तर हे माझ्याकडे बघत होते. तोंड घट्ट मिटलेलं. जबडा थरथरत होता इतकं घट्ट. मुलीने परत विचारलं. तरी आला नाही. तिसऱ्यांदा तिने स्वतःच मोडक्या हिंदीत विचारलं, प्रेमाने विचारलं. कपाळावर घाम आला ह्यांच्या. पण तोंड उघडलं नाही.
तिने टॅब खाली ठेवला. मग मला बाजूला घेतलं. खाला, मला यात हो लिहिता येत नाही. "नाही" असंही लिहीत नाही. मंगळवारी परत येते, इन्शाल्ला. मी म्हटलं, बेटा, त्यांनी नाही म्हटलं नाही ना! ते एकच शब्द बोलतात, आणि तोच बोलले नाहीत! दुभाष्याने कसंबसं सांगितलं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला. गप्प राहणं धरता येत नाही, म्हणाली.
गेली ती.
कपात पाणी ओतलं, ह्यांच्या ओठाला लावलं.
"नको," म्हणाले, आणि सगळं प्यायले.
मग मगाशी का गप्प बसलात हो? मोठ्यानेच विचारलं मी. पलीकडच्या पेशंटची बायको वळून बघायला लागली. बघू दे. सांगा ना, माझ्यासाठी गप्प बसलात ना?
"नको," म्हणाले.