मी पाहतो

तरसाली, बडोदे
१४ डिसेंबर २००७

चि. मंदाकिनीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावत जा, आळस करू नकोस. इथे थंडी बेताची आहे आणि मी बरी आहे, एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण राग मावत नाही गं.

तुझी भाची देवश्री बंगलोरला जाताना संगणक घरी ठेवून गेली. त्यावर मराठी क्रिकेटवेड्यांचा एक कट्टा आहे. पुण्या-मुंबईची माणसं तिथे सामन्यांवर लिहितात, भांडतात. ह्यांच्या पश्चात मीही लिहायला लागलो, 'मोतीबाग' या इथल्या मैदानाच्या नावानं. लोक वाट पाहायचे माझ्या लिहिण्याची. आणि लिहायचो कसं, तर तोंडात आहे तसंच. "मी पाहतो", "मला वाटतं, मी सांगतो". आपल्या कागल-कोल्हापुरात बायका 'येतो-जातो'च म्हणतात. सासूबाईंनी किती सुधारून पाहिलं! पण हे म्हणायचे, "असू दे, आई. ती 'येते' म्हणाली तर घरात दुसरीच कोणी शिरली असं वाटेल मला."

तर रविवारी ही मंडळी रणजीचा सामना बघायला बडोद्याला आली. मोतीबागेच्या फाटकाशी भेटायचं ठरलं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून, सगळ्यांसाठी खारी सिंग, म्हणजे खारे दाणे, घेऊन गेलो. कट्टा चालवणारा हेरंब पुष्पगुच्छ घेऊन उभा होता.

म्हटलं, "मी मोतीबाग."

हसला. "काकू, काका गाडी लावतायत का?"

"काका गेले. तीन वर्षं झाली."

मंदा, त्या माणसांनी तिथेच, फाटकात, माना खाली घालून दोन मिनिटं शांतता पाळली! मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवतायत. मग हेरंब गहिवरून म्हणाला, "म्हणजे काकांचं जुनं लिखाण तुम्ही टाकत होतात."

"गेल्या आठवड्यातल्या सामन्यावर ते कुठून लिहितील रे?"

तरी पटेना. साताऱ्याचे धनाजीराव म्हणून एक होते, माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "वहिनी, बाईमाणूस 'पाहते' लिहील. हे पुरुषाचं लिहिणं आहे. मुलगा लिहितो का तुमचा?" साताऱ्याचा माणूस! कोल्हापूर काय विलायतेत आहे? दुसरा एक पोरगा मला विचारतो, "बरं, लेग कटर म्हणजे काय, सांगा." मी सांगितलं नाही. मी सामना बघायला आलो होतो, परीक्षेला नाही.

निघताना हेरंबनं तो गुच्छ माझ्या हातात दिला. "काकांच्या फोटोला वाहा." आणि कट्ट्यावरच्या निवडक लेखांचं पुस्तक काढतायत, त्यात छापायला ह्यांचा फोटो मागितला. वर म्हणतो, "तेवढंच त्यांचं नाव राहील, काकू."

शेजारच्या मृदुलाबेननाही तेच वाटतं. "आपी दो ने फोटो, देऊन टाका. तुमचं काय जातंय?"

काय जातंय ते तुला सांगतो. कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वर्षात साखरेनं ह्यांची नजर गेली होती. तुम्हाला सगळ्यांना आम्ही म्हणायचो, चष्म्याचा नंबर वाढलाय. त्यांना कुणाची कीव नको होती. तरी मोतीबागेत जायचे. पायरीवर बसायचे, माझा हात धरायचे आणि म्हणायचे, "हं, पाहा आणि सांग." मग मी सांगायचो. पाहतो, कर्णधारानं क्षेत्ररक्षक आत आणलाय. पाहतो, फलंदाज फसणार. आणि फसला, की हे टाळी वाजवायचे. गोलंदाजासाठी नव्हे.

ते गेले आणि माझं सांगायचं राहिलं. म्हणून मी त्या कट्ट्यावर गेलो. बायकोचं ऐकून टाळी वाजवणारा माणूस होता तो, आणि हे लोक त्याला माझं लिहिणं स्वतःच्या नावावर छापून घेणारा करायला निघालेत! माझा अपमान मी गिळला असता. त्यांचा नाही गिळणार.

गुच्छ तुळशीपाशी ठेवला. फुलांचा काय दोष? हेरंबला काल कळवलं, फोटो मिळणार नाही. छापायचं तर माझ्या नावानं छापा, गंगाबाई म्हणून. आणि एकाही 'पाहतो'चं 'पाहते' करायचं नाही. नाहीतर पुस्तकातून मला वगळा. उत्तर आलेलं नाही. न येवो. मोतीबागेत उद्यापासून नवा सामना आहे. पायरी तीच आहे, मी जाणार.

बरं, येतो.

तुझी,
अक्का