पापुद्रा आणि तीन समीक्षक

घाटनांदूर,
फाल्गुन वद्य पंचमी

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या गहिनीनाथाचा, आहे तिथूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं राहिलं, त्यामुळे एका अंगाचं जग लख्ख दिसतं आणि दुसऱ्या अंगाचं ताकातून बघितल्यासारखं. हे ध्यानात ठेव, पुढं कामाला येणार आहे. तुझे गुडघे कसे आहेत? लसणाचं तेल चोळतेस का, की बाटली फडताळात ठेवून नुसती तिच्याकडं बघतेस? दाजींनी घेतलेलं तुझं जांभळं लुगडं ट्रंकेतून गेलंय आणि तुझा संशय शेजारच्या वच्छलाबाईवर आहे, असं तुझा लेक परमेश्वर म्हणत होता. महिना झाला दोघी बोलत नाहीत म्हणे. या वयात नवीन शेजारीण कुठून आणणार आहेस, याचा विचार कर.

हे पत्र तुझ्या लेकानं वाचून दाखवावं, सुनेनं नव्हे. (परमेश्वरा, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. कंस म्हणजे मामा-भाच्याचं बोलणं.) फोन करता आला असता, पण तुझा फोन मला ठाऊक आहे. “बबीला बक्षीस लागलं का न्हाई, तेवढं सांग,” म्हणशील, मी तोंड उघडायच्या आत “बरं, ठेव” म्हणशील आणि शेळ्यांकडं जाशील. या उत्तराला चार पानं लागतात. पत्र मधेच ठेवून देता येत नाही, निदान परमेश्वर वाचत असेल तर नाही.

दिवाळीत तू सुनेला, बबिताला, घातलेली अट मला पाठ आहे. अंगणवाडीचं काम, शेळ्या, चूल, सगळं उरकून पाटोद्याच्या मास्तर लोकांच्या नाटकात जायचं तर जा, पण एकच साल. “समीक्षकांचं बक्षीस आणलंस तर फुडल्या साली जा, न्हाई तर तोंडाला रंग लावणं बंद.” तुला वाटलं, आपला भाऊ त्या समीक्षकांत आहे, तो शहाणा माणूस, त्याचा न्याय सोन्यासारखा. अक्का, बावीस वर्षं मी तुझा हा समज मोडला नाही. आज मोडतो.

नाट्यस्पर्धेचं आमचं समीक्षक मंडळ तीन माणसांचं. अध्यक्ष बंकट वकील, सचिव वार्ताहर आसाराम आणि तिसरा मी, रिटायर मास्तर. मला घेतलं ते माझी समीक्षा आवडली म्हणून नव्हे, दोघांचं कधीच जमत नाही म्हणून बहुमताला तिसरा लागतो. बंकट वकील प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसतात आणि पडदा वर गेला की डोळे मिटतात. त्यांचं म्हणणं, चांगलं नाटक माणसाला जागं ठेवतं, तेव्हा झोप हेच त्यांचं माप. आसारामला संध्याकाळी पेपरला बातम्या धाडायच्या असतात, म्हणून तो पहिला अंक बघतो आणि कांद्याचा भाव विचारायला निघून जातो. आपल्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत पहिले अंक लई चांगले व्हायला लागलेत, त्याचं कारण हे. आणि मी. मी सगळं नाटक जागेपणी बघतो, पण ते एका डोळ्यानं.

बक्षिसाच्या या ढालींना काही अर्थ आहे का, असं मला कुणी विचारलं की मी हात झटकून “काही नाही” म्हणायचो. तीन वर्षांमागं उत्कृष्ट खलनायक ठरलेल्या माणसाची ढाल त्याच्या किराणा दुकानात शेंगदाण्याच्या पोत्याला टेकण लावून ठेवलेली मी पाहिली आहे. माणूस सुखी आहे, पोतंही सरळ उभं आहे. पण परमेश्वरानं तुझी अट सांगितली आणि त्या दिवसापासून ती पत्र्याची ढाल मला जड वाटायला लागली. एका पोरीचं सगळं त्या पत्र्यावर टांगलेलं, आणि पत्रा आमच्या तिघांच्या हातात. (परमेश्वरा, तुझ्या आईला अट घालायला दुसरं काही सुचलं नाही का रे?)

आता माझा गुन्हा. आमच्या नियमावलीत सातवा नियम आहे: नातेवाईक नाटकात असेल तर परीक्षकानं गुण देऊ नयेत. हा नियम मीच लिहिला, आसारामनं आपल्या मेहुण्याला एकदा उत्कृष्ट नेपथ्याचं बक्षीस दिलं म्हणून. (नेपथ्य म्हणजे एक बाज होती. ती बाजही मेहुण्याचीच.) असा कडक माणूस मी, पण बबिताचं नातं या साली मंडळाला सांगितलं नाही. म्हटलं, कुणाला ठाऊक आहे, पाटोद्याकडची पोर, आडनाव वेगळं. गुण न्यायानं देईन, वाटलंच तर न्यायाच्या थोडे वर.

अंबाजोगाईला दुपारी चारला नाटक सुरू झालं. घरातलीच गोष्ट, एक सासू, एक सून, एक चूल. सुनेचं काम करणारी उंच पोर मोठ्यानं बोलत होती, तीनदा रडली. मला वाटलं हीच बबिता. रंगानं आणि माझ्या डोळ्यानं माणूस ओळखू येत नाही, आणि बबिताला मी पाहिलंय ते लग्नात आणि दाजींच्या तेराव्याला, दोन्ही वेळा डोक्यावर पदर. मी दहापैकी सहा लिहिले आणि जिवाला वाईट वाटलं. अक्कासमोर काय तोंड दाखवू, असं मनात म्हणत होतो. सासूच्या कामाला तर कुठली तरी खरी म्हातारी गावातून धरून आणलीय, अशीच माझी समजूत झाली. अख्खा पहिला अंक ती प्रेक्षकांकडं पाठ करून डाळ निवडत बसली. उठताना आधी एक हात जमिनीला लावायची, मग एक गुडघ्याला, आणि मग उठायचं असं ठरवल्यासारखं उठायची. आमच्या गुणतक्त्यात नटांची नावं नसतात, नुसती पात्रं असतात, तिथं ‘सासू’पुढं मी रेघ मारली. म्हातारीला कसले गुण द्यायचे?

दुसऱ्या अंकात जेवणाचा प्रसंग आला. सून जेवायला बसलेली, सासू भाकरी थापत तोंडानं एकसारखी बोलतेय. मीठ जास्त झालं, सरपण ओलं आणलं, माहेरचं वळणच असलं. बोलता बोलता तिनं तव्यावरची फुगलेली भाकरी उतरवली, वरचा पापुद्रा अलगद सोडवला, दाराकडं बघत बघत सुनेच्या ताटात सरकवला आणि पुन्हा बोलायला लागली.

अक्का, मी उठून उभा राहिलो. मला कळलंसुद्धा नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू तेरा. धर्मापुरीच्या त्या घरात तू रोज मला बोलत जेवायला वाढायचीस, आणि भाकरीचा पापुद्रा दाराकडं बघत माझ्या ताटात टाकायचीस, जणू तो आपला आपण पडला. मी रोज एकच म्हणायचो. तेच मी भर नाट्यगृहात, तीनशे माणसांत, समीक्षकाचा बिल्ला छातीवर लावून, मोठ्यानं म्हणालो: “अक्के, तुला र्‍हाऊ दे की!”

रंगमंचावरच्या म्हातारीनं माझ्याकडं बघितलं नाही. पीठ लागलेला हात झटकला आणि म्हणाली, “गप जेव.”

तुझाच आवाज. मी गप बसलो. सगळे हसले. माझ्या डाव्या डोळ्याला डॉक्टरांनी पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, ते काही पाळता आलं नाही.

नाटक संपल्यावर मी आत गेलो. म्हातारी आरशासमोर बसून केसांतली पांढरी पावडर झटकत होती, आणि त्या पावडरीखालून बबिता निघाली. मला वाटलं ही आता बक्षिसाचं विचारणार, आणि मी खोटं काय बोलायचं ते ठरवत होतो. तिनं विचारलं, “मामा, आत्याबाई पापुद्रा कंच्या हातानं सरकिवत्यात? मी उजव्यानं केलं.” मी म्हटलं, “डाव्यानं. उजव्यात दुसरी भाकरी असते.” ती म्हणाली, “तरी मला वाटलंच, चुकलं.” आणि वहीत लिहून घेतलं. नाटकाच्या संहितेत पापुद्रा नाहीच, अक्का. लेखकानं नुसतं ‘सासू वाढते’ एवढं लिहिलंय. बाकीचं तिनं तुझ्या चुलीपाशी बसून पाच वर्षांत गोळा केलंय. तू कुणाला दिसू नये म्हणून दाराकडं बघतेस, तेही तिनं घेतलंय.

निकालाची बैठक बंकट वकिलांच्या माडीवर झाली. भजी आली, चहा आला, मग सातवा नियम आला. आसाराम म्हणाला, “मास्तर, कुणाला अक्के म्हणालात?” मी सगळं कबूल केलं. माझे गुण रद्द झाले. आसाराम म्हणाला, मी पाहिलं तेवढ्यात ती बाई डाळ निवडत होती, पाठीला गुण कसे देऊ? वकीलसाहेब हशानं जागे झाले होते, पण लोक कशामुळं हसले ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी ‘गंभीर प्रसंगी अनावश्यक विनोद’ असं लिहून दोन गुण कापले होते. वर म्हणाले, “म्हातारी म्हातारीवानीच वागली. त्यात अभिनय कुठं हाय?” मी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा ताटलीतली भजी तशीच ठेवून भांडलो. म्हटलं, सत्तर वर्षं जिला ओळखतो ती बहीण समजून मी हाक मारली, याहून जास्त अभिनय कसा असतो ते सांगा. ते म्हणाले, तुमचा एक डोळा मोतीबिंदूचा, हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. वकीलच ते.

उत्कृष्ट अभिनेत्रीची ढाल तीनदा रडणाऱ्या उंच पोरीला गेली. तेजश्री तिचं नाव. चांगली मुलगी आहे, तिच्यावर राग धरू नकोस. निकाल पाडव्यापर्यंत गुप्त ठेवायचा असतो, पण माझे गुण रद्द झाले, तेव्हा माझी गुप्तताही रद्द झाली असं मी धरतो.

मुलांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार. तुझा उपाशी कधीच न राहिलेला,

गहिनीनाथ

ता. क. तुझ्या प्रश्नाचं एका शब्दातलं उत्तर: न्हाई. माझा रद्द झालेला गुणतक्ता सोबत ठेवला आहे. ‘सासू’पुढं आधी रेघ आहे, ती खोडून दहापैकी दहा केलेत. त्यावर शिक्का नाही, पण अक्षर तुझ्या भावाचं आहे.

दुसरा ता. क. आता खरं काम. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हेच नाटक धर्मापुरीत, देवळामागच्या पटांगणात आहे. तू यायचंस. पुढची खुर्ची धरून ठेवतो. आम्ही तिघं बाजूला बसू, परीक्षक तू एकटी. म्हातारी बघून ‘ही मी न्हवं’ असं तुला वाटलं तर रंग बंद कर, मी चकार शब्द काढणार नाही. मात्र झोपायचं नाही आणि पहिल्या अंकानंतर उठायचं नाही.

तिसरा ता. क. येताना जांभळं लुगडं शोधत बसू नकोस. ते म्हातारीच्या अंगावर आहे. बबितानं ट्रंकेतून नेलं, धुऊन परत ठेवणार आहे, तुला सांगायची हिंमत नव्हती. तेव्हा आजच वच्छलाबाईकडं जा आणि काहीतरी बोल, निदान साखर माग.

आणखी एक. आज जेवताना बबिताच्या ताटात पापुद्रा सरकवलास की दाराकडं बघू नकोस, तिच्याकडं बघ. ती बघतच असते. (परमेश्वरा, एवढा कंस मात्र मोठ्यानं वाच. चुलीपर्यंत ऐकू गेला पाहिजे.)